फेकताना बंद, चालताना चालू

मला कुठे ठेवू नका, हातातच राहू द्या. ठेवलं की मला सुचेनासं होतं. मी एक कॅमेरा आहे आणि गेली तीन वर्षं माणसांच्या मागे धावतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तो मला आठवत नाही. भिंग बसवल्याशिवाय आठवण कुठून येणार? पहिला मालक विचिटा शहरात लग्नांचं चित्रीकरण करायचा. त्याने मला तीन पायांच्या स्टँडवर चढवलं आणि चार वर्षं केक कापणारे हात दाखवले. मग त्याने नवा कॅमेरा घेतला आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात एका काचेमागे जाऊन बसलो. तिथून मला आयव्ही श्रोडरने सोडवलं.

आयव्ही तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. डिस्क गोल्फच्या मोठमोठ्या स्पर्धांच्या मागे ती गावोगाव फिरायची. या खेळात चेंडूऐवजी चकती असते आणि खड्ड्याऐवजी खांबाला लावलेली साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत अठरा टोपल्या गाठायच्या. माझं काम एवढंच की चकती हातातून सुटली की तिच्यामागे जायचं. ऐकायला सोपं वाटतं. ढगाळ आभाळात पांढरी चकती शोधून दाखवा, मग बोलू.

खेळाडू फेकायला उभा राहिला की आम्ही दगड व्हायचं. आयव्ही तोंडातली सूर्यफुलाची बीसुद्धा चावायची नाही. फेक झाली की मात्र मला छातीशी धरून पळत सुटायची. दिवसाला सात-आठ मैल तरी होत. मी धापा टाकत नाही, पण टाकता आल्या असत्या तर टाकल्या असत्या.

आयव्हीचं एक दुखणं होतं. पुरुषांच्या शेवटच्या, म्हणजे आघाडीवरच्या गटामागे पाच-पाच कॅमेरे, आणि बायकांच्या गटामागे मी एकटा. ती दिसेल त्याच्याशी यावर भांडायची. शेवटी चित्रफिती दाखवणारी एक कंपनी म्हणाली, "वेल्डनची अंतिम फेरी नीट टिपून दाखव. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दे. जमलं तर पुढचं सबंध वर्ष बायकांच्या मागे दोन कॅमेरे लावू."

वेल्डन म्हणजे कॅन्ससची माळरानं. तिथे वारा सुट्टी घेत नाही.

त्या फेरीत बरोबरीत दोघी होत्या. लोर्ना हॅकेट त्रेचाळीस वर्षांची. एरवी शाळेची बस चालवायची आणि हे वर्ष शेवटचं म्हणायची. दुसरी ब्रिन, एकोणीस वर्षांची, हातात वीज. टोपलीवर नेम धरताना, मी चालू असल्याचं सांगणारा माझा लाल दिवा डोळ्यांत येतो, अशी सकाळीच ब्रिनने तक्रार केली. आयव्हीने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. आमच्या धंद्यात सगळेच चिकटवतात.

सोळाव्या टोपलीनंतर आयव्ही मला बंद करायला विसरली. सतराव्याला ब्रिन फेकायला आली, आयव्हीने बटण दाबलं आणि मी बंद झालो. तिला वाटलं, सुरू झालो. दिवा झाकलेला आणि पडद्यावर ऊन, त्यामुळे तिला कळायला मार्गच नव्हता. फेक संपली, तिने पुन्हा दाबलं आणि मी जागा झालो. तिथून सगळं उलटं होत गेलं. चकती हवेत असताना मी झोपलेला, आणि लोक गवतातून चालताना टक्क जागा. मला ओरडायचं होतं. पण कॅमेऱ्याला तोंड नसतं, डोळाच असतो.

अठराव्या टोपलीला लोर्नाने साठ फुटांवरून, आडव्या वाऱ्यात, एका फेकीत स्पर्धा जिंकली. हे मला लोकांच्या बोलण्यातून कळलं.

ऊन उतरायच्या आत आयव्ही आणि समालोचन करणारा कर्टिस गावातल्या खानावळीत चित्रफीत बघायला बसले. कर्टिस दिवसभर पुरुषांच्या गटाबरोबर होता. त्याच्या बशीतला पावावरचा रस्सा तसाच थिजला.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "बूट?"

"माझे आहेत," आयव्ही म्हणाली.

"ते दिसतंय. फेक कुठाय?"

आयव्हीने दोनदा मागेपुढे करून पाहिलं. फेक नव्हतीच.

कर्टिसने बशी बाजूला सारली. "ऐक. उद्या सकाळी लोर्नाला बोलाव. तोच शर्ट, तीच जागा. एक फेक तर हवीय. कुणाच्या बापाला कळणार नाही."

आयव्हीने लोर्नाला फोन लावला. हे मी झाकून ठेवणार नाही.

सकाळी लोर्ना कालचाच चुरगळलेला शर्ट घालून आली. कोपराला पट्टा होता.

"माझी चूक आहे, लोर्ना," आयव्ही म्हणाली. "तुला नको असेल तर—"

"पोरींच्या मागे दोन कॅमेरे येणार असतील तर शंभरदा फेकीन. सरक बाजूला. आणि या वेळी बटण बघून दाब, बाई."

पहिली फेक टोपलीवरून गेली, दुसरी खांबाला लागून परतली. दहावीनंतर लोर्नाने बोलणं सोडलं. पंधरावीनंतर ती प्रत्येक फेकीला कोपर धरू लागली. बाविसावी साखळ्यांत जाऊन बसली.

"झकास," कर्टिस म्हणाला. "आता हात वर कर, काल केला होतास तसा."

"काल मी हात वर केला नव्हता," लोर्ना म्हणाली. "मी खाली बसले होते. ब्रिनने ओढून उठवलं."

"मग बस की."

लोर्ना बसली. एका हाताने गवताचा आधार घेत, हळूच. उठवायला कुणी नव्हतं. मी ते सगळं टिपलं. मला नाही म्हणता येत नाही. आजवर मी कंटाळवाणं खूप पाहिलं होतं, पण खोटं पहिल्यांदाच पाहत होतो.

आयव्हीने माझ्या पडद्यावर ती फेक एकदा पाहिली आणि पुसून टाकली.

"काय केलंस?" लोर्ना म्हणाली. "बावीस वेळा कोपर जाळून घेतलं मी."

"काल तू एकदाच फेकलीस. तिच्या जागी ही लावली तर काल तू काय केलंस तेच उरणार नाही."

"आणि दोन कॅमेरे?"

"नाही मिळणार बहुतेक."

"बहुतेक," लोर्ना म्हणाली. "तुझं खरेपण, आणि किंमत पोरींनी मोजायची."

आयव्हीने गाडीच्या बॉनेटवर मला ठेवून कालचा एक तुकडा लावला. सतराव्या टोपलीकडून लोर्ना आणि ब्रिन अठराव्याकडे चालत होत्या. आयव्हीच्या काखेत मी तिरका लटकलो होतो, त्यामुळे गवत, चालणाऱ्या पोटऱ्या आणि आवाज एवढंच आलं होतं.

"झेंड्याकडे बघू नकोस," लोर्नाचा आवाज. "झेंडा खोटं बोलतो. टोपलीच्या उजवीकडचं गवत बघ, ते डावीकडे लवतंय."

"हे मला का सांगतेस, म्हातारे? बरोबरीत आहोत आपण."

"मी जिंकले तर पोरीला वारा कळला नव्हता असं कुणी म्हणायला नको."

लोर्नाने बॉनेटवर वाकून हे ऐकलं. "हे तू घेतलंस?" ती म्हणाली. मग तिने तो तुकडा पुन्हा एकदा लावला.

दुपारी हाच तुकडा गेला. त्यानंतर पडदा काळा आणि त्यावर एक ओळ: 'इथे लोर्ना हॅकेटने साठ फुटांवरून स्पर्धा जिंकली. माझ्या चुकीमुळे ती फेक टिपली गेली नाही.' कंपनीने कळवलं की चित्रफितीत खेळच दिसत नाही. दोन कॅमेरे मिळाले नाहीत.

आज आम्ही आणखी एका माळावर आहोत. ब्रिन फेकायला उभी आहे. तिच्यामागे आयव्ही मला धरून आहे. पार पुढे, टोपलीजवळ, लोर्ना गुडघ्यावर बसली आहे. कोपर बरं होईपर्यंत डॉक्टरांनी तिला खेळायला बंदी केली आहे, म्हणून कुणाचा तरी जुना कॅमेरा उसना घेऊन आली आहे. तो तिने फारच घट्ट धरलाय. त्या बिचाऱ्याचे हाल मला इथून दिसताहेत.

बाकीच्या सतरा टोपल्यांजवळ अजून कॅमेरा घेऊन कुणी नाही. तुमच्याकडे कपाटात एखादा कॅमेरा बसून असेल तर त्याला बाहेर काढा आणि इकडे या. पण आत्ता हलू नका, ब्रिनचा खांदा वळतोय.