शेजारशेजारचे दोन तंबू

मार्लीनने त्या वर्षी गाडीत इतकं सामान कोंबलं की ऑर्विलला गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. लोकरीच्या टोप्या, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, खाटांवर घालायला जाड गाद्या, फळ्यांच्या जमिनीवर अंथरायला सतरंजी आणि वर ब्लँकेटांचा ढीग.

"तंबूत राहायला चाललोय की तंबूवाल्याला माल विकायला?" ऑर्विल म्हणाला.

मार्लीनने लक्ष दिलं नाही. नवऱ्याचं सगळंच मनावर घेतलं असतं तर एवढी वर्षं संसार झाला असता का? आणि हा पसारा त्या दोघांसाठी नव्हताच मुळी. सुनेसाठी होता.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत, कड्याच्या पायथ्याशी, पाइनच्या झाडांत उभे असलेले ते तंबू म्हणजे बेताच्या मिळकतीच्या माणसाचा बंगला. चौथरा लाकडी, दार लाकडी, भिंती आणि छप्पर कॅनव्हासचं. आत खाटा आणि एक दिवा. न्हाणीघर लांब, सगळ्यांत मिळून एक. मार्लीन इथे नवी नवरी म्हणून आली, रसेल इथेच रांगायला शिकला, आणि तेव्हापासून एकही ऑक्टोबर चुकला नव्हता. पण आता रसेलचं लग्न झालं होतं. बायको ग्रासिएला सॅक्रामेंटोला वकील. कपडे कडक इस्त्रीचे, नखं रंगवलेली, बोलणं मोजून मापून. निघायच्या महिनाभर आधी रसेल हळूच म्हणाला होता, "आई, तिला तंबू आवडत नाहीत. या वेळी येतेय, पण पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही." झालं, तेव्हापासून मार्लीनचा जीव टांगणीला.

शेजारशेजारच्या दोन तंबूंत पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर रसेल धबधब्याकडे फिरायला निघाला, तर ग्रासिएला म्हणाली, "तू जा, मी पडते जरा." आणि पडली ती पडलीच. मार्लीन तीनदा जाळीच्या दारातून डोकावली. तिन्ही वेळा सुनेचं तोंड भिंतीकडे.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे."

एवढंच. आता दोन शब्दांत उत्तर देणारी सून बरी आहे यावर कुठल्या सासूचा विश्वास बसेल?

ऊन उतरल्यावर रसेल आला आणि दोघं टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे गेली. इकडे मार्लीनच्या पोटात मावेना. त्यात ऑर्विलच्या कानातल्या यंत्राची बॅटरी सकाळीच संपलेली, म्हणजे मनातलं सांगायचं तरी ओरडूनच. भिंतींना कान असतात म्हणतात. इथल्या भिंती म्हणजे नुसते कानच. पलीकडच्याने कूस बदलली तरी अलीकडे कळतं. अर्धा जन्म तिथे काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? पण डोकं फिरलं की शहाणपण कुठलं.

"दुपारभर पडून होती," ती ओरडली.

"कोण पडलं?"

"कुणी पडलं नाही. तुझी सून. मी मेली गाद्या वाहून आणल्या, पिशव्या भरून दिल्या, तरी महाराणींचं नाक वरच."

"राहू दे ना मग."

"काय राहू दे? ती नाही म्हणाली की रसेलही येणार नाही. घरी येतो तेव्हा घड्याळाकडे बघत बसतो तो. आपल्याशी पोटभर बोलतो ते फक्त इथे. हे संपलं की मुलगा संपला, ऑर्विल. मला भीती वाटते."

"काय वाटते?"

"भीती," मार्लीन सगळा जोर लावून म्हणाली. "भीती वाटते मला."

बाहेर लोखंडी पेटीची कडी वाजली. तिथे अस्वलांच्या धाकाने वासाची प्रत्येक वस्तू, अगदी साबणसुद्धा, दाराबाहेरच्या पेटीत ठेवावी लागते. आणि अंघोळीला निघालेला माणूस साबण हटकून विसरतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो.

"मार्लीन, आत येऊ?" ग्रासिएलाचा आवाज आला.

मार्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ये," ती कशीबशी म्हणाली.

ग्रासिएला खाटेच्या कडेवर टेकली. हातात साबण तसाच. "मी रुसले नव्हते."

"माझ्या तोंडाला कुलूप नाही बघ. मनावर घेऊ नकोस."

"ऐका तर. माझे आईवडील पिकामागे मजुरीला फिरायचे. द्राक्षं झाली की टोमॅटो, टोमॅटो झाले की बदाम. बारा वर्षांची होईपर्यंत मी मळ्यांवरच्या तंबूंतच वाढले. तापलेल्या कॅनव्हासचा हाच वास. म्हणून रसेलला म्हटलं होतं, मला पुन्हा तंबूत झोपायला लावू नकोस."

मार्लीनने महिनाभर हिच्या अंगाला मऊ काय लागेल याचा विचार केला, पण एकदा विचारलं नाही, बाई गं, तुला तंबू का नको? लाज वाटली तिला, चांगलीच वाटली.

"मग नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तू म्हणशील तिथे जाऊ. नाहीतर तुम्ही दोघंच जा. आमचं काय."

"तसं कुठे म्हटलं मी? आज दुपारी मी काय बघत होते माहितेय? भिंतीवर झाडांच्या सावल्या हलत होत्या. भरदुपारी तंबू आतून कसा दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं, दिवसा आम्ही पोरंही मळ्यातच. आई तर उजाडायच्या आत मळ्यात असायची. तिला मी दिवसाउजेडी आडवी झालेली कधीच पाहिली नाही. आज मी एवढा वेळ लोळले आणि कुणी कामाला हाक मारली नाही. तुम्ही तेवढ्या डोकावत होतात."

मार्लीनने नाक पुसलं.

"पुढच्या वर्षी तीन तंबू घ्या," ग्रासिएला म्हणाली. "आईला आणते. भांडेल ती, मला पुन्हा तंबूत कशाला नेतेस म्हणेल. तरी आणते. तिला एकदा दुपारची अशी लोळताना बघायचंय मला."

"काय म्हणते ती?" ऑर्विलने विचारलं.

मार्लीनने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तंबूंच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "विहीणबाई येणार आहेत पुढच्या वर्षी. दुपारचं झोपायला."