चाकांवरचं अध्यक्षपद

युद्धात माणसं जवळ येतात, आपसांतले भेद विसरतात आणि संकटाच्या अग्नीतून समाज तावूनसुलाखून बाहेर पडतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, ओळखीचे बहुतेक लोक अम्मानमार्गे भारतात निघून गेले आणि रिग्गईतल्या आमच्या इमारतीत मराठी मंडळाचे पाच सभासद उरले. आम्ही खूपच जवळ आलो. ऑक्टोबरात आमच्यात दोन गट पडले.

कारण अर्थातच अध्यक्षपद. आधीचे अध्यक्ष उन्हाळ्यात मस्कतला नोकरी धरून गेले होते. नवी निवडणूक ऑगस्टात व्हायची, ती रणगाड्यांमुळे राहून गेली.

बाळासाहेब सरकारी इस्पितळात एक्स-रे काढत आणि त्यांच्या पत्नी शामलाताई तिथेच नर्स होत्या. पेशंट टाकून जायचं कसं, म्हणून दोघं मागे राहिले. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायला बाळासाहेबांकडे दुसरा विषय होता. कित्येक वर्षं ते कार्यकारिणीवर सभासद होते. सभासद म्हणजे सतरंज्या अंथरायच्या, ‘हॅलो, हॅलो’ करून माइक तपासायचा आणि अध्यक्ष बोलायला उठले की खाली बसायचं. बाळासाहेबांना एकदा, आयुष्यात एकदाच, गणपतीच्या आरतीचं ताट सगळ्यांच्या आधी धरायचं होतं आणि भाषण करायचं होतं. भाषण पाठ होतं.

सभा त्यांच्याच घरी भरली.

“माझी बिनविरोध निवड होतेय असं दिसतं,” बाळासाहेब विनयाने म्हणाले.

“बिनविरोध?” मुझफ्फर म्हणाला. तो दापोलीचा. तळमजल्यावर त्याचं बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान होतं आणि ते सोडून जायला तो तयार नव्हता. “मग त्यात मजा काय रायली? माझं पण नाव घ्या.”

“अरे, पण तुला अध्यक्ष व्हायचंय का?”

“नाय ओ. तुमचं होणं जरा लांबवायचंय.”

मी बाळासाहेबांसाठी हात वर केला, कारण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. शामलाताईंनी मुझफ्फरसाठी केला.

“शामला!”

“काय झालं? गुप्त मतदान ठेवायचं होतंत.”

पाचवा कायतान. मूळ मडगावचा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कारकून. तो मराठी की नाही, हा वाद मंडळाने शांततेच्या काळासाठी राखून ठेवला होता. कायतान तटस्थ राहिला. त्याच्या रेडिओचे सेल मुझफ्फरकडून यायचे आणि चहाची साखर बाळासाहेबांकडून. अशा परिस्थितीत तत्त्वनिष्ठ माणूस तटस्थच राहतो.

दोन-दोन मतं पडली. मी म्हटलं, नाणं उडवू. पण कुवेती पैसा नव्या राजवटीने बाद केलेला आणि इराकी नाण्यावर मराठी अध्यक्ष ठरवणं बाळासाहेबांच्या स्वाभिमानाला पटेना. भारतातलं नाणं कुणाकडेच नव्हतं. सभा तुंबली.

तेव्हा कायतानने तोड काढली. तो पोर्तुगीज शाळेत शिकलेला, रोज शॉर्टवेव्हवर लिस्बन ऐकायचा. युरोपातल्या क्लबांची रोलर हॉकीची स्पर्धा नुकतीच सुरू झाली होती. दोघांनी एकेक क्लब निवडावा. ज्याचा क्लब पुढे जाईल तो अध्यक्ष.

“रोलर हॉकी म्हणजे?” बाळासाहेबांनी विचारलं.

“पायाला चाकं लावून खेळतात.”

“कुणी पाहिलीय?”

कुणीच पाहिली नव्हती. ज्या खेळातलं कुणालाच काही कळत नाही त्यात पक्षपात होणं शक्य नाही, या मुद्द्यावर ठराव एकमताने मंजूर झाला. बाळासाहेबांनी पोर्तुगालचा अल्व्हेरिन्या घेतला, म्हणजे कायतान बातम्या तरी प्रेमाने सांगेल. मुझफ्फरने स्पेनचा मोन्तक्लारा घेतला. का, विचारलं तर म्हणाला, “नाव तोंडात बसतंय.”

पहिली फेरी दोघांनी जिंकली आणि दोघंही तज्ज्ञ झाले. एका बाजूला पाच खेळाडू असतात, हे कायतानने सांगताच बाळासाहेब गंभीर झाले.

“पाच म्हणजे आपलं मंडळच की. गोलकीपर कोण?”

“मी,” शामलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “तुमचं सगळं मीच तर अडवत आलेय.”

चाकांना ब्रेक असतो की नाही, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. ब्रेक नसेल तर खेळाडू थांबतो कसा, असं बाळासाहेब विचारत. भिंतीवर आपटून, असं मुझफ्फर सांगे. अल्व्हेरिन्याने एक सामना कसाबसा बरोबरीत सोडवला, तेव्हा खुबूसच्या, म्हणजे अरबी रोट्यांच्या पिशवीबरोबर मुझफ्फरचा निरोप वर आला: “तुमच्या पोरांच्या चाकांना तेल घाला म्हणावं. तेलाच्या देशात बसलाय.” यावर बाळासाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. रोट्या मात्र खाल्ल्या.

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली. सायरन झाला की आम्ही पाचही जण जिन्याखाली बसायचो. कायतान रेडिओ कानाला लावून सांगायचा, अमुक पूल पडला, तमुक विमानतळ गेला. बाळासाहेब शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “ते झालंच. अल्व्हेरिन्याचं काय?”

“बाळासाहेब, बाहेर लढाई चाललीय,” मी एकदा म्हणालो.

“सांगू दे रे त्याला,” शामलाताई हळूच म्हणाल्या. “चाकांचं काही ऐकलं की यांना बॉम्ब ऐकू येत नाहीत.”

त्या दिवशी हॉकीची काहीच बातमी नव्हती. तरी मुझफ्फरने मोन्तक्लाराच्या गोलकीपरला बाळासाहेबांकडून भरपूर शिव्या खाऊ दिल्या आणि एकदाही उलट बोलला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस कुवेत मोकळं झालं. दोन्ही क्लब उपांत्य फेरीत पोचले होते. यातली कोणती बातमी मोठी, यावर आमच्या इमारतीत एकमत नव्हतं. मे महिन्यात अंतिम सामन्यात गाठ पडली ती अल्व्हेरिन्या आणि मोन्तक्लारा यांचीच. एक सामना आपल्या गावी, एक त्यांच्या गावी, दोन्हींची बेरीज. पहिला मोन्तक्लाराने दोन गोलांनी जिंकला. बाळासाहेब जेवले नाहीत. शामलाताईंनी ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवून घेतलं.

दुसऱ्याचा निकाल ऐकायला आम्ही मुझफ्फरच्या दुकानात जमलो. दुपारचे बारा वाजले होते, पण जळत्या तेलविहिरींच्या धुराने आभाळ काळं झालेलं, म्हणून कंदील लावला होता. कायतान रेडिओ कानाला लावून पुटपुटत होता.

“अल्व्हेरिन्या दोन गोलांनी पुढे. म्हणजे बेरीज सारखी. पेनल्टी झाल्या.”

“मग?”

“थांबा, आवाज गेला.” तो खुंटी पिळत राहिला. बाळासाहेबांनी तांदळाचं पोतं घट्ट धरलं होतं. “आला. लिस्बनला आज ऊन आहे.”

“कायतान!”

“बाबा, हवामान चाललंय, त्याला मी काय करू?” बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. “अल्व्हेरिन्या.”

बाळासाहेब पोत्यावरच बसले. मुझफ्फरने सांभाळून ठेवलेला अननसाचा डबा फोडला. “मुबारक, अध्यक्षसाहेब.”

बाळासाहेब उठले, घसा साफ केला. “मंडळाच्या बंधुभगिनींनो…”

“गणपतीला बोला,” मुझफ्फर म्हणाला. “आता गिऱ्हाईक उभं हाय.”

उन्हाळाभर बाळासाहेब अध्यक्ष होते. या काळात मंडळाचा एकही कार्यक्रम झाला नाही. हळूहळू माणसं परतू लागली आणि गणपतीच्या आधी एका सभासदाच्या हॉलमध्ये सभा भरली. पुण्याहून परतलेले अभिजीत करंदीकर उठले. ते स्वभावाने लेखापरीक्षक होते, पेशानेही.

“अध्यक्षमहाराजांची निवड कोणत्या पद्धतीने झाली, हे सभेला कळेल का?”

बाळासाहेब खोटं बोलू शकले असते. निदान मोघम बोलू शकले असते. ते म्हणाले, “पेनल्टीवर.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चाकं, पाच खेळाडू, दोन सामन्यांची बेरीज. सभेने हे अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि फेरनिवडणुकीचा ठराव केला.

“मी शामलाताईंचं नाव सुचवतो,” मुझफ्फर म्हणाला. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ताईंनी त्या सात महिन्यांत इस्पितळात काय केलं, हे परत आलेल्यांना पेशंटांच्या तोंडून आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं.

“अनुमोदन?” करंदीकरांनी विचारलं.

सगळे बाळासाहेबांकडे बघत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि हात वर केला.

“बिनविरोध,” मी मुझफ्फरच्या कानात म्हणालो. “मग मजा काय रायली?”

“ताईंच्या विरोधात उभा राहायला मी काय येडा हाय?”

गणपतीला आरतीचं ताट सगळ्यांच्या आधी शामलाताईंनी धरलं. भाषणही त्यांनीच केलं, चार वाक्यांचं. माइक बाळासाहेबांनी तपासला.