सकाळची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. तळेगावच्या भट्टीत जन्मले आणि साठ-पासष्ट सालाच्या सुमारास लोणावळ्याच्या एका दवाखान्यात आले.

तुंगार्लीच्या वरच्या वस्तीतली भागूबाई तिथे आली, तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. अंग काळवंडलं होतं. घरी ती चोरून मीठ चाटायची. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, सावळाला समजावलं, "ताण सोसायला अंगात एक रस लागतो. पहाटे तो वाढतो, रात्री उतरतो. हिचा तपासू. सकाळची लघवी या बाटलीत आणा, रात्रीची त्या दुसरीत."

सकाळी भागूबाईच्या लघवीनं माझा जेमतेम तळ झाकला. सावळानं मला उजेडात धरून पाहिलं आणि पाठ फिरवून काठोकाठ भरलं.

मला तपासणीला पुण्याला पाठवलं. तिथून कळलं, सकाळचा रस चांगला आहे. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. रस चांगला, तर औषध कसं द्यायचं? आणि बाई तर डोळ्यांदेखत खचत होती.

"सकाळची बाटली एवढी भरली कशी?" त्यांनी विचारलं.

"भरली?" भागूबाई म्हणाली. "माझी तर तळालाच व्हती."

सावळा खाली बघत म्हणाला, "दुसऱ्याचं भांडं रितं कसं परत द्यायचं? मग मीच भरली."

"अवो, ही काय शेजारणीची वाटी हाय व्हय?" भागूबाई हसली आणि हसताना तिला धाप लागली.

"सावळा, तुझी तब्येत उत्तम आहे, एवढं मात्र कळलं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुन्हा तपासणी झाली. या वेळी मी जवळजवळ रिकामीच गेले, पण खरी गेले. भागूबाईच्या अंगात तो रस सकाळीही नव्हता, रात्रीही नव्हता. गोळ्या सुरू झाल्या. मीठ उघड खायची मुभा मिळाली. मला सावळा-भागूबाईंनी घरी नेलं.

दिवाळीनंतर भागूबाई आपल्या पायांनी डोंगर उतरून दवाखान्यात आली. माझ्यात सावळानं काठोकाठ भरलेला मध होता.

"ही तीच बाटली?" डॉक्टरीणबाई दचकल्या.

"व्हय. पर लय उकळलीया."

त्यांनी बोट बुडवून मध चाखला.

मित्रांनो, दवाखान्यानं बाटली दिली, तर ज्याचं त्याचंच आणि असेल तेवढंच द्या. कमी पडलं म्हणून लाजू नका. आता मी दवाखान्याच्या खिडकीत असते. सावळानं मला दोनदा काठोकाठ भरलं. एकदा चुकला, पण दोन्ही वेळा भागूबाईसाठीच.