गडग्यापलीकडची सायकल

गोपाळकृष्ण सरांच्या जुन्या सायकलची फ्रेम तडकली आणि तळेगावात ज्याला त्याला सल्ला द्यायला निमित्त मिळालं. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या गणिताच्या मास्तरांनी डोंगरात सायकल हाणावीच कशाला, हा त्यातला पहिला सल्ला. सरांनी तो कानाआड केला आणि लोणावळ्याला पप्पूचं दुकान गाठलं.

तिथे दोन सायकली होत्या. एक साधी, फक्त पुढच्या चाकाला बेताचं सस्पेंशन असलेली. दुसरी दांडगी, पुढे-मागे वीतभर दबणारी, धोंड्यांवरून बिनधास्त उतरणारी.

"आपल्या मावळातल्या वाटांना साधी पुरते, सर," पप्पू म्हणाला. "उगाच वजन कशाला ओढताय?"

सरांनाही ते ठाऊक होतं. पण तसलीच दांडगी सायकल आदिनाथकडे होती, आणि सरांना ती हवीशी वाटण्याचं खरं कारण तेवढंच होतं.

आदिनाथ जवळच्या कान्हे गावचा, आंबीला कंपनीत कामाला. कितीतरी वर्षं दर रविवारी तो आणि सर लोहगडवाडीच्या बाजूला सायकली काढायचे. त्या वाटेवर छातीएवढा दगडी गडगा लागतो. तिथे आदिनाथ आधी वर चढायचा आणि "द्या, सर," म्हणून हात पुढे करायचा. सर एक सायकल उचलून त्याच्या हातात द्यायचे, मग दुसरी. असं करायचं म्हणून दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.

मग आदिनाथने दांडगी सायकल घेतली. कंपनीतल्या तिघांबरोबर पिकअपमध्ये सायकली टाकून वर जायचं आणि उतारावरून सुसाट खाली यायचं, हे सुरू झालं. भांडण वगैरे काही नाही. सरांचे रविवार मात्र ओस पडले. घरात दिवसभर कुणाशी बोलणं नसायचं, आणि आदिनाथची फार आठवण यायची.

पप्पूने दांडगी सायकल एक दिवस चालवून बघायला दिली. उतारावर ती अशी मऊ चालली की सर एकटेच हसले. मग गडगा आला. सवयीने त्यांनी सायकल दोन्ही हातांनी वर उचलून धरली आणि थांबले. दंड भरून आले तेव्हा कुठे आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. एकट्याने ती पलीकडे लोटायला गेले, तर ती मागे घसरली आणि पेडल नडगीवर बसलं.

तिथेच गडग्याला टेकून त्यांनी आदिनाथला फोन लावला.

"किती दिसांनी, सर. बरं हाय ना?"

"बरं आहे. अरे, तुझ्यासारखीच सायकल घ्यावी म्हणतोय. म्हणजे तुमच्याबरोबर येता येईल."



"घ्या की. लय भारी हाय. पन सर, पिकअपमंदी चारच सायकली बसत्यात. पाचवी न्हाई मावत. कुनी गळालं तर मी फोन करतो ना तुमाला."

"हो, हो. घाई नाही काही," सर म्हणाले.

आदिनाथ टाळत नव्हता. गाडीत खरंच जागा नव्हती. सरांनी फोन खिशात टाकला आणि सायकल माघारी वळवली.

त्यांनी साधी सायकल घेतली. शेवटी माझं ऐकलंत, म्हणून पप्पू खूश झाला. सरांनी नुसती मान हलवली.

रविवारी गडग्यापाशी त्यांनी नवी सायकल उचलली, गडग्याच्या माथ्यावर टेकवली आणि अलगद पलीकडे सोडली. कुठे खरचटलं नाही, की दम लागला नाही. इतकं सोपं जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग त्यांना आठवलं, त्या दोघांच्या जुन्या सायकलीही एवढ्याच हलक्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं आदिनाथने वर चढून हात पुढे करायची काहीच गरज नव्हती. तरी तो दर वेळी चढायचा, आणि सर दर वेळी त्याच्या हातात सायकल द्यायचे.

सायकल पलीकडे गडग्याला टेकून उभी होती. सर बराच वेळ अलीकडेच राहिले.