खंडेनवमीला थांबलेला डबा

मित्रांनो, टीव्हीच्या खाली एक काळा डबा असतो, सेट-टॉप बॉक्स म्हणतात तो. तो तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? नसेलच. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. मी तसाच एक डबा, आता जुना झालेला. माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट उमटलेलं आहे. ते कसं उमटलं, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या कंपनीचे मालक एका देशातले, सुटे भाग दुसऱ्या देशातले, डोक्यातलं सॉफ्टवेअर इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचं आणि बघणारी माणसं आफ्रिकेतली. असा माझा गोतावळा! कंपनी भराभर वाढत होती. आधी एक देश, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्याही पलीकडचा. तिकडे जुन्या अँटेनावरचं प्रक्षेपण थांबत होतं. डबा नसेल तर टीव्ही मुका, अशी वेळ आली होती. लोक आमचं कौतुक करायचे, आणि ते खोटं नव्हतं. इतकं स्वच्छ चित्र त्यांनी पूर्वी पाहिलंच नव्हतं.

कंपनीने काही गावांतल्या शाळांना डबे भेट दिले. त्यांतला एक मी. मलावी नावाच्या देशात झोम्बा डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मला खिळ्यावर टांगलं. तिथल्या मुख्याध्यापिका थोको मॅडम रोज सकाळी कमरेच्या कापडाच्या टोकाने मला पुसायच्या आणि मगच घंटा द्यायच्या. त्यांचा नेमच होता तो. माझाही एक नेम होता. मुलांचे पाठ संपले की गावातली माणसं बातम्यांना येत, आणि त्यांना हवामान सांगितल्याशिवाय मी बंद होत नसे. एका वर्षी मोठं चक्रीवादळ आलं. ‘नदीकाठ सोडा, उंचावर जा’ असं पडद्यावरची बाई त्यांच्या भाषेत सांगत राहिली. सगळे टेकडीवरच्या चर्चमध्ये गेले. सकाळी नदीकाठची घरं नव्हती, माणसं मात्र होती. देवाने ते काम माझ्या हातून करून घेतलं, असं मी समजतो.

पुढे माझं चित्र अडखळायला लागलं. कंपनीच्या माणसाने माझ्या जागी माझाच एक भाऊ टांगला आणि मला तपासणीसाठी बेसिंगस्टोकला पाठवून दिलं. तिथे मालविका नावाच्या इंजिनियरने मला उघडलं. माझ्या पोटात मुंग्यांनी संसार थाटला होता. तिने कापसाच्या काडीने एकेक कोपरा साफ केला आणि थोको मॅडमना फोन करून सांगितलं, “तुमच्या डब्यात भाडेकरू होते!” दोघी खूप हसल्या. तेव्हापासून त्यांची ओळख.

मग मी बेसिंगस्टोकलाच राहिलो. आफ्रिकेतल्या डब्यांमध्ये काहीही बदल करायचा असला, की तो आधी माझ्यावर करून बघायचा, अशी तिथली पद्धत. मी नीट चाललो, तर तीच आज्ञा आकाशातून माझ्या सगळ्या भावंडांना जायची. बरीच वर्षं त्या आज्ञा चांगल्या होत्या. मग एक वेगळी आज्ञा आली. कंपनी नव्या पद्धतीचं प्रक्षेपण सुरू करणार होती. जुने डबे एकाच वेळी कायमचे बंद करायचे होते. ते नीट बंद होतात का, हे माझ्यावर तपासायचं होतं.

त्या दिवशी मालविका घरूनच काम करणार होती, म्हणून मी तिच्या घरी होतो. आणि त्या दिवशी खंडेनवमी होती.

मालविकाच्या सासूबाई नंदाताई नवरात्राचे उपास करणाऱ्या. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून त्यांचा दिवा कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, तेवत होता. त्याच्यासमोर त्यांनी पाट मांडून घरातली हत्यारं ठेवली: मुलाचा ड्रिल, विळी, शिवणाची कात्री.

“आजी, माझा व्हायोलिन पण ठेव ना,” इंग्लंडात वाढलेली नात ईशिता आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. “पूजेतला वस्तू वापरायचा नसतो ना? मग आज प्रॅक्टिस नाही!”

“लबाड कुठली! ठेव. सरस्वतीच आहे ती.”

आणि मालविका चहा घेऊन आली तोवर मीही पाटावर बसलो होतो. कपाळावर झेंडू, पाठीवर कुंकू.

“अहो आई, हा नको! हा ऑफिसचा आहे.”

“अगं, मग तर हवाच. तुझं हत्यार तेच ना?”

“मला आज तो लागणार आहे.”

नंदाताईंचा चेहरा उतरला. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेआधी उचलायचं नाही, हा त्यांच्या माहेरापासूनचा नेम. पण त्यांनी आवाज चढवला नाही. “माझा नेम माझ्यापुरता गं. तुला हवा तर उचल. काय करायचंय त्याचं?”

“बंद होतो का, ते बघायचंय.”

“पूजेतून उचलून... बंद करायला?”

मालविकाने चहा खाली ठेवला. मग तिने आपल्या साहेबांना, मार्टिनला, फोन लावला. टेस्ट उद्या करते म्हणाली. त्याने विचारलं, डबा बिघडलाय का?

“नाही. त्याची पूजा चालली आहे.”

पलीकडून मार्टिन म्हणाला, “बरं. छान. मग उद्या दुपारी बारापर्यंत?”

अशी मला एक दिवसाची रजा मिळाली. मालविकाचे हात रिकामे राहिले. नंदाताईंनी विचारलं, “याचं पहिलं घर कुठलं गं?” तेव्हा तिने थोको मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

“अरे, हा तर आमचा!” त्या ओरडल्या. “फुलं काय, कुंकू काय! लग्न लावलं की काय याचं?”

सगळे हसले. हसता हसताच मालविकाने विचारलं, “तुमच्याकडे नवे डबे आले ना?”

“कसले नवे डबे?”

मित्रांनो, तो प्रश्न मी अजून विसरलो नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ज्यांनी डबा विकत घेतला होता त्यांना निरोप गेला होता. भेट मिळालेल्या शाळा कुणाच्याच लक्षात नव्हत्या.

“पुढच्या महिन्यात आमचा पाऊस सुरू होतो,” थोको मॅडम हळूच म्हणाल्या. “वर चढा, असं आम्हाला कोण सांगणार?”

मालविकाने दुपारभर फोन केले. मार्टिन म्हणाला, ते तिकडच्या ऑफिसने बघायचं. तिकडचं ऑफिस म्हणालं, मालकांनी ठरवायचं. मालकांकडून उत्तर आलं, की तारीख बेसिंगस्टोकने दिली आहे. तिने हे सगळं सांगितलं, तेव्हा नंदाताई म्हणाल्या, “म्हणजे आपल्याकडे येऊनच थांबलं की गं!”

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. नंदाताईंनी अक्षता वाहून मला जरासं हलवलं आणि स्वतः मालविकाच्या हातात दिलं. तिने वायर जोडली. आयुष्यात प्रथमच मी देवाकडे मागितलं, की आज मला नापास कर. पण मला बनवणाऱ्यांनी चांगलं बनवलं होतं. आज्ञा आली आणि मी एका क्षणात विझलो.

मालविकाने दुसरी एक वायर लावून मला परत जागं केलं. तशी वायर तिच्याकडे होती, शाळेत नव्हती. बाराला फोन वाजला.

“डबा नीट बंद होतो,” ती म्हणाली. “पण शाळांना नवे डबे मिळेपर्यंत मी पास देणार नाही, मार्टिन. माझं नाव त्याखाली नको.”

“मालविका,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “तुझ्या नावाशिवायही ते होईल.”

आणि झालं. कोजागिरीच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने आज्ञा गेली. माझी सगळी भावंडं एकदमच काळी पडली. मालविकाला त्या कामावरून काढून दुसरं काम दिलं. घरात कुणी त्याबद्दल फारसं बोलत नाही. नंदाताईंनी मात्र त्यानंतर सोमवारच्या उपासाला मंगळवारही जोडला. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण आज्ञा जाण्याआधी मधले ते दिवस होते. त्या दिवसांत थोको मॅडम आसपासच्या शाळांमध्ये स्वतः जाऊन सांगून आल्या. कुणी जुना रेडिओ काढला, कुणी चर्चची घंटा कधी वाजवायची ते ठरवलं. पडदे काळे झाले, तेव्हा माणसं निदान गाफील नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कधीतरी थांबावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की एखादी गोष्ट बंद करण्याआधी तिच्यासमोर कोण बसलं आहे, हे एकदा विचारा. त्यांना आधी सांगा. ते सांगायला कुणीतरी थांबावं लागतं, बाळांनो. एका बाईच्या नेमासाठी दुसरी एक दिवस थांबली, म्हणून एवढं तरी झालं.

आता मी मालविकाच्या कपाटावर असतो. लाल दिवा लागतो, चित्र येत नाही. बाहेर लवकर अंधारून येतं. झोम्ब्याला पाऊस सुरू झाला असेल. शाळेत माझ्या खिळ्याला म्हणे आता रेडिओ टांगला आहे. त्यातल्या बॅटऱ्या कुणी बदलल्या असतील ना?