धुतलेलं धुणं

सिताबाईच्या हातांची सालपटं निघायला लागली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, मीठ लागलं की जीव कळवळायचा. उमरग्याच्या डॉक्टरनं हात उलटेपालटे करून बघितले आणि सांगितलं, "मावशी, सोडा-साबण बंद. न्हायतर ही बोटं वळायची न्हायत." सिताबाईनं मान हलवली, मलम पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत धुण्याचं घमेलं घेऊन वढ्यावर गेली. धुणं काय डॉक्टर धुणार होता?

सून दीपाली अंगणवाडीत कामाला. तिच्यानं हे बघवेना. दसऱ्याला साडी घेतली न्हाय, काय न्हाय, पण एक दिवस टेंपोतनं कपडे धुवायची मशीन दारात उतरवली. निम्मी गल्ली बघायला गोळा झाली.

सासरा बिराप्पा मेंढरं सोडायच्या गडबडीत होता. तो म्हणाला, "आता मेंढरं राखायची बी मशीन आना. म्या बी बाजंवर पडतो."

"मामा, तुमचं धोतर धुनाऱ्या हाताकडं जरा बगा आन मग बोला," दीपाली म्हणाली.

बिराप्पानं बघितलं न्हाय, काठी उचलून मेंढरं हाकत निघाला.

मशीन मात्र गुणाची निघाली. दीपाली सकाळी कपडे टाकून, बटन दाबून कामावर जायची. तासाभरानं सिताबाईनं झाकण उघडून कपडे वाळत घालायचे, एवढंच काम. मेंढराच्या वासाचं धोतर गुलाबाच्या वासाचं होऊन बाहेर पडायला लागलं. पंधरा दिवसांत चिरा भरल्या. सिताबाई चुलीपुढं बसून स्वतःचेच हात निरखायची, नव्या नवरीगत.

हात बरे झाले, पण दिवस सरंना. बिराप्पा रानात, लेक रेवणसिद्ध ट्रकवर हैदराबादला, सून अंगणवाडीत. घरात सिताबाई आणि मशीन. मशीन घुर्र करून फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. सिताबाई पाट टाकून तिच्यापुढं बसायची. बसून बसून कंटाळली की भिंतीवरच्या पालीला हाड-हाड करायची.

एका दुपारी जेवताना बिराप्पा म्हणाला, "वजीरच्या आफरीनचं ठरलं म्हनं. आळंदचा पोरगा हाय."

सिताबाईचा घास हातातच राहिला. "कवा?"

"झाले की पाच-सा दिस. तुला ठाव न्हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. वजीरची बायको शरिफाबी तीस वर्षं वढ्यावर तिच्या शेजारच्या दगडावर धुणं धुवत होती. आफरीन झाली तेव्हा पहिले चाळीस दिवस पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं ते सिताबाईनं. आणि तिच्या लग्नाची बातमी मेंढरामागच्या माणसाकडनं कळावी! सिताबाई त्या दिवशी अर्ध्या भाकरीवरच उठली.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबली. सिताबाईनं ओले कपडे घमेल्यात घेतले आणि मागच्या दारानं निघाली. वाटेत तिला वाटलं, असे लख्ख कपडे घेऊन कसं जायचं? बांधावर बसून तिनं मूठभर काळी माती कालवली आणि नवऱ्याच्या धोतराला पाठ-पोट चोळली.

"आली का मशीनवाली?" शरिफाबीनं मान वर न करताच विचारलं.

"बिघडली बाई मशीन," सिताबाई म्हणाली आणि आपल्या दगडावर बसली.

शरिफाबीचा राग पहिलं लुगडं पिळेस्तोवर टिकला. मग आळंदचा पोरगा, त्याची आई, त्याच्या आईचं बोलणं, सगळं सविस्तर झालं. उन्हं डोक्यावर आली तरी दोघी उठल्या न्हाईत.

मग रोजचंच झालं. साबणाला हात लावायचा न्हाय हे सिताबाईनं पाळलं. नुसतं बुचकळायचं, आपटायचं, झुडपावर वाळवायचं. पण काळी माती ती, साबणाशिवाय थोडीच सुटणार? आठ दिवसांत बिराप्पाचं धोतर चहात बुडवल्यागत दिसायला लागलं.

दीपाली हबकली. "आत्या, मशीन खराब लागली आपल्याला. कपडे धुती का मळवती?" तिनं फोन केला. उमरग्याहून गुरुलिंग नावाचा मेकॅनिक फटफटीवर आला. त्यानं मशीन खोलली, पुसली, पुन्हा जोडली. चिखलानं भरलेलं पायपुसणं त्यात टाकलं. ते लख्ख होऊन निघालं.

"ताई, हिला कायबी झालं न्हाय."

"मग माझं धोतर बग की!" बिराप्पा खवळला. "म्या पयल्यापासनं सांगतोय. घेऊन जा म्हनावं परत. माज्या बायकूला हात हायत अजून."

सिताबाईनं हात पदराखाली घेतले. बोलावं तर लाज जाते, न बोलावं तर मशीन जाते. तेवढ्यात शरिफाबी दारात आली.

"झाली का गं दुरुस्त? आट दिस झाले की बिघडून. बिचारी रोज वढ्यावर येती."

दीपाली हळूच म्हणाली, "रोज?"

शरिफाबीनं दोरीवरचं धोतर ओढून नाकाशी धरलं. "या अल्ला! म्हनून वास येत हुता! म्या म्हनलं, सिता अत्तर लावून धुनं धुती का काय!" आणि हसता हसता ती उंबऱ्यातच बसली.

बिराप्पा हसला न्हाय. "म्हंजी धुतलेलं धुनं चिखलात लोळवून परत धुयाला न्ह्यायचीस?"

"व्हय."

"का?"

गुरुलिंग बिचारा कागद-पेन घेऊन ताटकळला होता. "आज्जी, म्या इतक्या लांबनं आलो. कागदावर कायतरी बिघाड लिव्हावा लागतो. काय लिव्हू?"

"लिव्हा," सिताबाई म्हणाली, "मशीन बोलत न्हाय."

गुरुलिंगनं तसंच लिहिलं आणि गेला. दीपालीचा राग कुठल्या कुठं गेला. तिची नजर शरिफाबीच्या हातांवर होती. त्या बोटांनाही तशाच चिरा होत्या.

"मावशी, उद्यापासनं तुमचं धुनं हितंच घेऊन या," ती म्हणाली.

शरिफाबी आली. तिच्या मागनं गल्लीतल्या आणखी पाच-सहा जणी आल्या. वाकळा, चादरी, गोधड्या. अंगणात सकाळी बसलेल्या बायका मशीन तीनदा थांबली तरी उठेनात.

महिनाभरानं गल्लीतला रामहरी बैल पाजायला वढ्यावर गेला, तर दगडावर बिराप्पा. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून धोतर घासत होता.

"काय बिराप्पा, घरात मशीन असून तू हितं?"

"तितं बायका बसल्यात."

"आन धुनं कोन धुतंय?"

"मशीन धुती. ह्या नुसत्या बसत्यात." बिराप्पानं धोतर दगडावर आपटलं. "माजा नंबर मंगळवारी हाय."