पित्ताची कॅप्सूल

"डॉक्टर, मूड गेला की माणसाला सारखं संडासला का होतं?"

हे विचारायची पैज मैत्रीण सुचिताने लावली होती, आणि क्षिप्राने ती आरोग्याच्या व्याख्यानात सगळ्या दहावी 'ब' देखत जिंकलीसुद्धा. वर्ग फिदीफिदी हसला. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. पाहुण्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "सेरोटोनिन नावाचं रसायन असतं," त्या म्हणाल्या. "मेंदूत ते मूड, झोप, भूक सांभाळतं. पण अंगातलं बहुतेक सेरोटोनिन असतं आतड्यांत. म्हणून एक बिघडलं की दुसरंही कुरकुरतं."

व्याख्यान संपताच क्षिप्रा त्यांच्यामागे धावली. आईच्या कॅप्सूलचं नाव तिला पाठ होतं, ते तिने सांगितलं. "ही पित्ताचीच ना? आई मळमळलं तरच घेते."

"पित्ताची? अगं, ही उदासीवरची. सेरोटोनिनसाठीच. रोज घ्यायची, मळमळो न मळमळो! पित्ताची म्हणून कोणी सांगितलं?"

बाबांनी. कोपरखैरण्याच्या अख्ख्या सोसायटीला तेच सांगितलं होतं त्यांनी.

क्षिप्रा घरी पोचली तेव्हा आई परातीपुढे नुसती बसली होती. कणीक कोरडी, हातही कोरडे. बाबा पहिली पाळी करून आलेले, पेपरात डोकं.

"बाबा, आईची कॅप्सूल रोजची आहे."

"पित्त झालं की घेते ती. सध्या नाहीये पित्त."

"पित्त कधी नव्हतंच! तुम्हीच उठवलंत ते."

"आवाज खाली!" पेपर आपटला. "तो मेडिकलवाला आपल्याच विंगमध्ये राहतो. दर महिन्याला तेच पाकीट नेलं, तर या जयप्रकाशची बायको वेडी म्हणून बोंब होईल."

"आणि ती जेवत नाही, झोपत नाही, ते चालतं?"

"नाटकं आहेत सगळी! आणि तुझी फी काय बापाला अक्कल शिकवायला भरतो?"

"राहू दे गं, क्षिपू," आई परातीकडे बघतच म्हणाली. "लोकांना सांगून सांगून मलाही वाटायला लागलं, पित्तच आहे म्हणून."

पण सकाळी अख्ख्या वर्गासमोर संडासचं विचारणारी मुलगी आता थोडीच गप्प बसणार?

"उद्या शाळा सुटली की आईला मी वाशीला तिच्या डॉक्टरांकडे नेणार. येताना पाकीट खालच्याच मेडिकलमधून घेणार. आणि बाबा, त्याने विचारलं ना कशाचं, तर पित्ताचं नाही सांगणार मी."